मग आता डिग्री कशाला?

सोलापूर,
गुरुवार, रात्री अकरा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं "बरं बरं" म्हणतात आणि ऐकू काहीच आलेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. ताईला मोठ्यानं वाचायला सांगा. आईनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही, थेंब वेळेवर घालायचे.

इकडे ठीक. पाणी पाचव्या दिवशी आलं, तेही पहाटे तीनला. पिंप भरून ठेवलंय. शेंगाची चटणी संपली. शेजारच्या काकूंनी वाटीभर दिली, पण आईच्या हातची नाही ती.

तुम्ही पुण्याला निघालात तेव्हा बाबा स्टेशनवर म्हणाले, "केबलिंगची कामं मिळतायत, पोट भरतंय, मग आता तिसाव्या वर्षी डिग्री कशाला?" तेवढ्यात गाडी हलली आणि मी सुटलो.

गेल्या वर्षी एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात नेटवर्कचं काम केलं होतं. सकाळी सगळं झकास. माग सुरू झाले की ऑफिसातले कॉम्प्युटर रडायला लागायचे. पिंग टाकलं, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का ते बघायला माहितीची छोटी पॅकेटं पाठवली, की दहातली तीन-चार गायब. मी केबल बदलली, सगळ्या केबली जोडायचा डबा (स्विच) बदलला, परत केबल बदलली. शेवटी मालकानं निम्मे पैसे कापले. मी मुकाट घरी आलो. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

चूक माझीच होती, पण कोणती ते यंदा वर्गात कळलं. लॅन केबलमध्ये 8 तारा असतात, दोन-दोनच्या 4 जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. जॅक बसवायला सोपं जावं म्हणून तो पीळ मी वर्षानुवर्षं बिनधास्त उलगडत आलो. मला वाटायचं, केबल गोल राहावी म्हणून पिळत असतील! खरं कारण असं: जोडीतल्या एका तारेतून जो सिग्नल जातो, त्याच्या बरोबर उलटा दुसरीतून जातो. मागांच्या मोटारींचा विजेचा उपद्रव पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखाच बसतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं, म्हणजे दोघींवर बसलेलं सारखं ते आपोआप वजा होतं. टेलिफोनवाल्या बेलनं 1881 सालीच याचं पेटंट घेतलं होतं. शिवाय चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, नाहीतर एकीचं बोलणं दुसरीत शिरतं. टोकाला 13 मिलिमीटरच्या वर उलगडायचं नाही, असा नियम. मी चांगली दोन-दोन इंच उलगडत होतो, आणि वर केबल मोटारींच्या विजेच्या लाइनला खेटून नेलेली.

बाबा, तुम्ही तीस वर्षं माग चालवलेत. सूत चिमटीत धरून, पीळ सैल आहे म्हणून कोन परत पाठवायचात. त्या दिवशी तुम्हाला सोबत नेलं असतं, तर तुम्ही पहिला प्रश्न पिळाचाच विचारला असता.

परवा त्या कारखान्यात आपणहून गेलो. केबल वेगळ्या मार्गानं नेली, आठही जॅक नव्यानं मारले. सगळे माग चालू असताना पिंग लावून अर्धा तास बसलो, एक पॅकेट पडलं नाही. मालकानं चहा पाजला. कापलेल्या पैशांचा विषय मात्र काढला नाही, आणि मीही काढला नाही.

व्हिडिओ कॉलवर आईचं तोंड मध्येच गोठतं, त्याचंही सांगतो. तुमचं बोलणं तुकडे-तुकडे होऊन येतं. बँकेच्या कामात एखादा तुकडा हरवला की तो परत मागवतात. कॉलमध्ये सहसा त्याची वाट बघत नाहीत. उशिरा आलेला शब्द काय कामाचा? पुढचं चालू ठेवतात. तेव्हा ताईच्या मोबाइलला शिव्या घालू नका.

आता वाईट बातमी. एका पेपरात राहिलो, एटीकेटी आहे. सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांचे पत्ते गटागटांत वाटायची गणितं. 64 पत्त्यांच्या गटात यंत्रांना द्यायला 62 च उरतात. पहिला पत्ता गटाच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. घरी हे मी बोटांवर करतो, पण पेपरात हे दोन वजा करायलाच विसरलो, तेही तीन प्रश्नांत. पुढच्या महिन्यात परत बसतोय. फी मी भरली आहे. बाबांनी एफडीला हात लावायचा नाही.

तुळशीला पाणी घालतोय. येताना सकाळच्या गाडीचं तिकीट काढा. दुपारी स्टेशनबाहेर उभं राहवत नाही, इतकं ऊन आहे.

तुमचा,
बाळू