चष्म्यावरची टिकली

पेंटर चाचा, सलाम.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. आईसाठी तुम्ही काढलेल्या चित्राबद्दल समोर बोलायला गेले की माझा गळा दाटतो. परवा दारातच तसं झालं, तर तुम्ही “पहले चाय पिलाव बेटा” म्हणून विषय बदललात. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

आईचे डोळे गेले असं लोक म्हणतात. गेलेले नाहीत. पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोरच्याचा चेहरा तिला काळपट डागासारखा दिसतो, पण त्याचे कान, खांदे, मागची खिडकी एवढं बरोबर दिसतं. तिच्या पंच्याहत्तरीला नूतनचं चित्र द्यायचं मी ठरवलं होतं. आईनं जीव टाकला तो या एकाच नटीवर. ‘सुजाता’ तिनं जत्रेतल्या तंबूत, खाली पोत्यावर बसून पाहिला होता. घरी येऊन मार खाल्ला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’, ‘मैं तुलसी तेरे आंगन की’, पाच सिनेमांना पाच फिल्मफेअर, हे ती आजही बोटांवर मोजून सांगते. शेवटच्या सिनेमाच्या वेळी नूतन चाळिशी ओलांडलेली होती, हे तर दरवेळी ठासून सांगते.

पॉप आर्टचं माझ्या लेकीनं सुचवलं. हॉलिवूडची नटी मर्लिन मन्रो गेल्यावर 1962 मध्ये अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं केलेली तिची चित्रं लेकीनं मोबाइलवर दाखवली. सिनेमाच्या जाहिरातीतला एक फोटो, त्यातल्या बारीक छटा काढून टाकलेल्या, सपाट पिवळा, गुलाबी, निळा. आईला छटा कळत नाहीत, पण भडक रंग आणि जाड रेघ कळते. म्हटलं, हेच पाहिजे.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी पैसे घालवले. एकानं नूतनला गोरीपान केलं, गाल गुळगुळीत केले आणि वर म्हणाला, “फिल्टर मारल्यावर छान दिसतं ताई.” सिनेमातली सुजाता कोण होती, दलित म्हणून जन्मून ब्राह्मणाच्या घरात वाढताना तिला काय ऐकून घ्यावं लागलं, हे त्याला कुठून माहीत असणार? दुसऱ्याला मी डोळ्यांचं सांगितलं तर म्हणाला, “मग काही पण चालंल की, त्यांना नाही तरी काय दिसतंय?” आई शेजारीच बसली होती, चाचा. तिला ऐकू चांगलं येतं. घरी येईपर्यंत ती रिक्षात एक शब्द बोलली नाही.

तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, “हे तर आम्ही टॉकीजच्या बोर्डावर जिंदगीभर केलं. हिरोचं तोंड निळं, व्हिलनचं हिरवं.” फ्लेक्स आल्यापासून जालन्यात तुमच्याकडे दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर एवढंच उरलंय, हे मला ठाऊक होतं. मला पाच सिनेमांचे पाच चेहरे हवे होते. तुम्ही नाही म्हणालात. चेहरा एकच, मोठा, ‘सुजाता’तल्या फोनवरच्या गाण्यातला. बाकीच्या चार सिनेमांसाठी त्याच्यामागे चार रंगीत उभ्या पट्ट्या. मी थोडी खट्टू झाले होते. चुकले.

पण मला सांगायचंय ते टिकलीचं. काम सुरू करायच्या आधी तुम्ही घरी आलात, माझ्याकडून मोठ्या टिकल्यांचं पाकीट मागितलंत आणि तुमच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध एकेक टिकली चिकटवलीत. मग आईच्या वेताच्या खुर्चीत बसलात. अर्धा तास. मान तिरकी करून, भिंतीकडे, दाराकडे, माझ्याकडे बघत. “बीच का कुछ नै दिखता, किनारे का दिखता,” असं आपल्याशीच पुटपुटत होतात. आई हळूच म्हणाली, “हां, तसंच.” दोन वर्षांत आम्ही घरच्या कुणी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं नव्हतं. औषधं आणली, दवाखाने केले, पण त्या खुर्चीत बसलो नाही.

मग टेलिफोनचा काळा रिसीव्हर तुम्ही चेहऱ्याच्या कडेला घेतलात, केसांची रेघ बोटभर जाड केलीत, रंग चमक नसलेला वापरलात. नूतनचा सावळेपणा मातकट केशरीत उतरवलात, एक कण गोरी केली नाहीत. टांगायच्या दिवशी पुन्हा टिकल्या लावून बसलात. खिडकीचा उजेड चित्रावर येतो म्हणून मी ठरवलेला खिळा उपटून बाजूच्या भिंतीवर ठोकलात. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्या जागी बसून बघणारी माणसं आमच्या वडिलांच्या पिढीत होती म्हणतात. मी एक पाहिला.

तुम्ही गेल्यावर आई खुर्चीत बसली. आधी समोर पाहिलं, मग मान डावीकडे वळवली आणि थांबली. मी श्वास धरून उभी होते.

“फोनवर आहे ना गं ती?” आई म्हणाली. “तिकडून सुनील दत्त गातोय. रडू नको म्हणावं तिला.”

तुमची,
त्या खुर्चीवालीची लेक