बेटांवरचा तीळ आणि दरडोई प्रथिनांचा आलेख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी संक्रांत जवळ आली की आपल्या पुरवणीत तिळाच्या गुणांवर एखादा लेख येतो आणि तो मी आवर्जून वाचतो, कारण तिळाच्या निर्यातीची कागदपत्रे तयार करण्यात माझी नोकरीची पंचवीस वर्षे गेली. अशा लेखांसोबत आता संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अन्न-ताळेबंदावरून, म्हणजे देशात पिकलेल्या, आलेल्या आणि बाहेर गेलेल्या अन्नाच्या वार्षिक हिशेबावरून, काढलेले आलेखही पाहायला मिळतात. हे आकडे 1961 पासूनचे आहेत आणि सर्वांना खुले आहेत. कोणत्या देशात तिळातून दरडोई दररोज किती ग्रॅम प्रथिने उपलब्ध होतात, हे त्यात दिसते. मोठ्या देशांची रेषा संथ चालते. मात्र टोंगा, ग्रेनाडा, किरिबाटी अशा छोट्या द्वीपराष्ट्रांची रेषा एखाद्या वर्षी एकदम उसळते आणि पुढच्याच वर्षी तळाला जाते. यावरून तेथील आहार बदलल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो का टाळावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 19 टन तीळ बसतो. तिळात शंभर ग्रॅममागे सुमारे 18 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे एका कंटेनरमध्ये जवळपास साडेतीन टन प्रथिने झाली. टोंगासारख्या लाखभर वस्तीच्या देशात ती वाटली, तर माणशी दिवसाला 0.1 ग्रॅमच्या किंचित खाली आकडा येतो. तोच कंटेनर साडेबारा लाख लोकसंख्येच्या मॉरिशसमध्ये उतरला, तर आकडा 0.01 सुद्धा होत नाही, आणि आपल्याकडे तर तो कोणत्याच दशांशात सापडणार नाही. याचा अर्थ असा की ज्या चढाला आपण 'कल' म्हणतो, तो लहान बेटाच्या बाबतीत बहुतेक वेळा एका कंटेनरचा असतो. पॅसिफिकमधल्या तुवालूची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास आहे. तिथे पंचवीस किलोची चाळीस पोती उतरली, तरी ताळेबंदात 0.05 ग्रॅमची उडी दिसेल.

त्यात तारखांचा घोळ आहे. डिसेंबरात न्हावाशेव्यातून निघालेला माल पॅसिफिकमधल्या बंदरात पुढच्या वर्षी उतरतो आणि नंतर दोन वर्षे दुकानदाराच्या गोदामातून थोडा थोडा विकला जातो. आलेखात मात्र एका वर्षी भरपूर तीळ आणि दुसऱ्या वर्षी शून्य असे चित्र उमटते. अशा बेटांना तिळाचा आख्खा कंटेनर क्वचितच जातो. तांदूळ, डाळी, मसाले यांच्या मिश्र कंटेनरमध्ये तिळाची दहा-वीस पोती असतात, आणि तीही पुष्कळदा दुबई किंवा सिंगापूरच्या व्यापाऱ्यामार्फत. काही लहान देशांचा आयातीचा तपशील दरवर्षी वेळेवर येत नाही, तेव्हा निर्यात करणाऱ्या देशांच्या नोंदींवरून तो भरून काढावा लागतो. म्हणून तक्त्यातल्या शून्याचा अर्थ तीळ आलाच नाही असाही असू शकतो आणि त्याची नोंद पोहोचली नाही असाही.

तीळ म्हणून जे मोजले जाते, त्याचीही एक मर्यादा आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात तिळाला 1207.40 हा क्रमांक आहे. तिळाचा हलवा मात्र 1704 या साखरेच्या मिठाईच्या शीर्षकाखाली जातो, आणि पावावर भुरभुरलेला तीळ पावाबरोबर बेकरीच्या मालात जातो. तेलाचा रकाना वेगळा आहे आणि त्यात प्रथिने शून्य धरली जातात, ते योग्यच आहे, कारण घाण्यात तीळ गेला की प्रथिने पेंडीत उरतात आणि पेंड बहुधा जनावरांपुढे जाते. उलट, जो तीळ अन्न म्हणून मोजला जातो, तो सगळाच पोटात जातो असेही नाही. मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद येथील हिंदू घरांत हवनाला आणि श्राद्धाला काळा तीळ लागतो. अग्नीत किंवा पाण्यात गेलेल्या या तिळाची प्रथिने कागदावर मात्र नागरिकांच्या आहारात जमा होतात! ताळेबंदातील 'पुरवठा' या शब्दाचा अर्थ पुरवठा एवढाच आहे, खाणे नव्हे, हे पुरवणीतल्या लेखकांनी दरवेळी सांगायला हवे.

पर्यटकांचे काय, हा प्रश्नही आहे. मालदीवची लोकसंख्या सुमारे पाच लाख, आणि 2024 मध्ये तेथे वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. हॉटेलांतला हम्मस, ताहिनी (वाटलेला तीळ), बर्गरचा पाव आणि सुशी यांतला तीळ पर्यटकांनी खाल्ला, आणि भागाकार मात्र स्थानिक लोकसंख्येने झाला, तर आकडा विनाकारण फुगतो. अलीकडच्या नव्या पद्धतीत पर्यटकांच्या उपभोगाचा स्वतंत्र रकाना आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे जुन्या पद्धतीची 2013 पर्यंतची मालिका आणि नवी मालिका एकाच रेषेत जोडणे चुकीचे ठरते. तरीही तशा जोडलेल्या रेषा सर्रास दिसतात.

सर्व बेटांची सरासरी घेतली, तरी अडचण सुटत नाही. हैती, डॉमिनिकन प्रजासत्ताक, क्युबा आणि पापुआ न्यू गिनी या चौघांची मिळून लोकसंख्या चार कोटींच्या वर आहे, म्हणजे साऱ्या लहान द्वीपराष्ट्रांच्या निम्म्याहून अधिक. त्यातील हैतीत तर तीळ पिकतो. सरासरीची रेषा या चौघांची असते आणि नाव मात्र तुवालूचेही लागते.

मग या आकड्यांत काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो पोषणाचा कमी आणि व्यापाराचा व चवीचा अधिक आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, तेव्हा तिळातून येणारे दशांशातले ग्रॅम कमी झाले वा वाढले, तरी कुणाच्या प्रकृतीवर परिणाम होत नाही. मालदीव किंवा किरिबाटीत प्रथिनांचा मोठा आधार मासळी आहे, आणि पुष्कळ बेटांवर त्या जोडीला बाहेरून आलेली कोंबडी, गव्हाचे पीठ आणि दूध पावडर. गुणवत्तेच्या दृष्टीने मात्र तिळाला स्वतःची जागा आहे, कारण प्रथिनांच्या घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) डाळींत कमी असलेले मेथिओनिन तिळात चांगले असते आणि तिळात कमी असलेले लायसिन डाळीतून मिळते. वरणभाताशेजारी तिळाची चटणी वाढणाऱ्या घरांत हा मेळ आपसूक बसतो. तो बेटावर बसतो की नाही, हे दरडोई आकड्यावरून कळत नाही, ताटात काय वाढले ते पाहूनच कळेल.

टोबॅगोत तीळ आणि साखरेचे लाडू होतात आणि त्यांना 'बेने बॉल' म्हणतात. जमैकात तिळाला 'वांगला' असे नाव आहे आणि त्याची चिक्कीही होते. ही दोन्ही नावे आफ्रिकी भाषांतून, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर तिथे पोहोचली. तिळगुळाचे हे दूरचे भावंड संक्रांतीच्या लेखात यावे असे मला फार वाटते. निदान पुढच्या वर्षी तरी.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की लहान देशांचा दरडोई आकडा छापताना त्याशेजारी मूळ आयात टनांत आणि त्या देशाची लोकसंख्या, ही दोन माहिती छापावी. ताळेबंदात पुरवठा हजार टनांत दिलेला असतो, त्यामुळे आमचा 19 टनांचा कंटेनर तिथे 0.02 असा दिसतो. तो आकडा टनांत करून घेण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नवी मुंबई