दुबईच्या सहलीत एक दिवस खाडीलाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या पर्यटन पुरवणीत दुबई येतेच, तशी ती यंदाही आली. बुर्ज खलिफा, वाळूत उड्या मारणारी गाडी, सोन्याचा बाजार, मॉलमधला बर्फ. यातलं काही पाहू नये असं मी म्हणणार नाही. बाहेर ऊन तापलेलं असताना आत शून्याखालच्या थंडीत पेंग्विन चालताना बघून माझी नात टाळ्या पिटत होती. पण सहल कंपन्यांची पत्रकं आणि आपली पुरवणी शेजारी ठेवली तर कुठलं कुणावरून उतरवलंय ते सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होतो. जहाजात चढणाऱ्या-उतरणाऱ्या पेट्या आणि गोणी मोजणं हे माझं काम. मुलगा दुबईला असल्यामुळे हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे जातो. मुलगा दिवसभर ऑफिसात, त्यामुळे आमचं आम्हीच फिरायचं. तेव्हा कळलं की त्या काचेच्या शहराच्या पोटात एक जुनं बंदर अजून जिवंत आहे.

खाडीच्या एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. मधून लाकडी होड्या ये-जा करतात, त्यांना आब्रा म्हणतात. साध्या आब्र्याचं भाडं एक दिरहॅम. तिकीट-बिकीट काही नाही, नाणं नावाड्याच्या हातावर ठेवायचं. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात, नावाडी मधल्या खड्ड्यात उभा राहून इंजिन सांभाळतो, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. आमच्याबरोबर सहसा कामावरून परतणारे मजूर असतात, पर्यटक थोडे. खाडीखालून मेट्रोही जाते, पण तिच्यातून खाडी दिसत नाही.

देराच्या बाजूला उतरलात की धक्क्याच्या कडेने चालत राहा. तिथे लाकडी गलबतं एकाला एक चिकटून उभी असतात आणि फुटपाथवरच माल पडलेला असतो : फ्रिज, टायर, तांदळाच्या गोणी, गाद्या, चहाच्या पेट्या. माल जातो इराणला, सोमालियाला. खलाशांत कच्छ-सौराष्ट्राचेही असतात, हिंदीत विचारलंत तर कुठला माल कुठे चाललाय ते सांगतात. तो माल असा उघड्यावर पडलेला पाहून माझ्यासारख्याचा जीव खालीवर होतो. आमच्याकडे कुलूपबंद शेडमधल्या पेट्या रात्रीत कमी व्हायच्या! सौ. म्हणते, "सहलीला येऊन लोकांच्या पेट्या काय मोजताय?" पण मला विचाराल तर दुबईतलं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण हेच, आणि ते फुकट आहे.

याच खाडीतून एकेकाळी सोन्याची बिस्किटं आपल्या किनाऱ्यावर यायची. तेव्हा आखातात आपलाच रुपया चालत असे. रुपये देऊन सोनं घ्यायचं, ते चोरून भारतात आणायचं, आणि ते रुपये डॉलर-पौंडांत बदलून द्यायची पाळी आपल्या सरकारवर. म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 साली फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्यांच्या नंबराआधी झेड अक्षर असे. 1966 साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिकडच्यांनी आपल्या रुपयाला रामराम ठोकला. दुबईत दिरहॅम आला तो 1973 मध्ये. सोन्याच्या बाजारात बांगड्यांचा भाव करण्याआधी एखाद्या मार्गदर्शकाने एवढं जरी सांगितलं तरी त्या गल्ल्यांकडे बघण्याची नजर बदलेल.

बर दुबईच्या काठावर अल फहिदी हा जुना मोहल्ला आहे. इराणच्या बस्ताक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेला. घरांवर चौकोनी मनोरे दिसतात, ते वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. विजेशिवाय उन्हाळा काढायची ही युक्ती. तिथेच शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र आहे. आधी नाव नोंदवलं तर स्थानिक अमिराती यजमान तुम्हाला जमिनीवर गादीवर बसवून जेवायला घालतात आणि काय वाटेल ते विचारा म्हणतात. लोक पोशाखाबद्दल, बुरख्याबद्दल, एकापेक्षा जास्त बायकांबद्दल विचारतात. सौ.ने विचारलं, तुमच्या आजीच्या घरी पिण्याचं पाणी कोण भरायचं? यजमान बाई मोकळेपणाने हसल्या आणि विहिरीच्या मचूळ पाण्यापासून सुरुवात करून आजच्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांपर्यंत आल्या. जेवण निवलं.

गाडीची सोय असेल तर अल मरमूमला पहाटेची उंटांची शर्यत पाहा, ती हिवाळ्यातच असते. उंटाच्या पाठीवर माणूस नसतो, रंगीत कपडे घातलेलं छोटं यंत्र असतं आणि त्याला फिरता चाबूक. मालक शेजारच्या रस्त्यावरून गाडी पळवत रिमोटने तो चाबूक चालवतो आणि वायरलेसवरून उंटाला ओरडतो. हसू येतं. पण पूर्वी त्या पाठीवर पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधून आणलेली लहान मुलं बांधली जायची. 2005 साली त्यावर बंदी आली आणि युनिसेफच्या मदतीने मुलांना परत पाठवलं गेलं. यंत्र आलं ते त्यांच्या जागी, हेही माहीत असावं.

रस अल खोरची पाणथळ जागा मात्र शहरातच आहे. हिवाळ्यात तिथे शेकड्यांनी फ्लेमिंगो असतात, आडोशाच्या खोपीत बसून दुर्बिणीतून बघता येतात, प्रवेश फुकट. शिवडीला मी ते अनेकदा पाहिलेत, पण मागे 828 मीटरचा बुर्ज खलिफा असताना त्यांच्या काटकुळ्या पायांना वेगळाच डौल येतो. बुर्ज पाहायचाच तर माझ्या मते इथून पाहावा, मानही दुखत नाही.

सहल कंपन्यांना या ठिकाणांत रस नसतो त्याचं कारण सरळ आहे. एक दिरहॅमच्या होडीत आणि फुकटच्या फ्लेमिंगोंत कमिशन कुठून निघणार? आम्ही एकदा ओळखीच्यांबरोबर अशाच एका कंपनीच्या बसमध्ये होतो. खाडी आली तेव्हा मार्गदर्शक म्हणाला, "उजवीकडे क्रीक," आणि बस पुलावरून निघून गेली. वर्तमानपत्राला कमिशनची अडचण नसावी. पुढच्या पुरवणीत निदान पाव पान या काठाला द्यावं, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त गोदी कर्मचारी

ता. क. : लेकासुनेला फराळ नेणाऱ्यांसाठी. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, ती अमली पदार्थांत मोडते. तेव्हा अनारसे घरीच खाऊन निघा. चकली-चिवडा नेलात तरी मेट्रोत डबा उघडू नका, खाताना दिसलात तर शंभर दिरहॅम दंड.