पाटे काढण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजात हल्ली तरुण पोरं जुन्या पिकअप आणतात. म्हणतात, ‘मामा, पाटे काढा, एअर सस्पेन्शन बसवा.’ म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा काढून त्या जागी हवेचे फुगे. हौस मला कळते. रिकामा हौदा घेऊन चोर्ला घाट उतरला की कंबर बोलतेच. पण पाटा नुसतं वजन पेलत नाही, मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा आस, जागेवर धरून ठेवतो. तो काढून फक्त हवेचे फुगे लावले तर ब्रेक दाबताच एक्सल सरकेल. मग एक्सल धरायला गाडीच्या लांबीत बसणारे दांडे आणि तो बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड लागतोच, आणि चेसिसवरचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचं, वेल्डिंग ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

माझं ऐकाल तर पाटे राहू द्या, जोडीला फुगे बसवा. डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवा, नाहीतर वळणावर एकीकडची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी जास्तच कलते. हवा वाढवल्याने भार नेण्याची मर्यादा वाढत नाही, हे निपाणीकडच्या माल भरणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर चेसिसला हात लावूच नका. बदलाच्या या परवानगीची माहिती आरटीओने कन्नडबरोबर मराठीतही फलकावर लावावी, ही विनंती.

– एक मेस्त्री, उद्यमबाग, बेळगाव