आईच्या काळजीला उत्तर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

धनुष्य तयार झालंय. आई, "मोडून डोळ्यावर आलं म्हणजे?" असं तू फोनवर विचारलंस, त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

धनुष्य ओढलं की त्याची पाठ (निशाण्याकडची बाजू) ताणली जाते आणि पोट (आपल्याकडची बाजू) दाबलं जातं. जास्तीत जास्त जोर या दोन पृष्ठभागांवरच येतो, म्हणून दोन्हीकडे फायबरग्लासची एकेक पट्टी लावलीय. तिच्यातले धागे लांबीच्याच दिशेने जातात. मध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या आहेत, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. बाबा, यातलं गणित तुम्हाला आवडेल. जाडी १० टक्क्यांनी वाढवली तर धनुष्याचा जोर, म्हणजे ते ओढायला लागणारी ताकद, ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदीचं मात्र सरळ प्रमाण. त्यामुळे जोर उतरवायचा तो कडा घासून. काचेच्या सपाट अंगाला हात लावायचा नाही, धागे तुटतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ मुठीत गेला. मुठीचा लाकडी ठोकळा दोन्ही बाजूंनी उतरत जाऊन पट्ट्यांमध्ये विरून जायला हवा. तो टोकांना जाडच राहिला तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि थर तिथूनच उचकटतात. टोकांतून उजेड दिसायला लागेपर्यंत मी ती घासत बसले होते. खरं सांगते, इतकं समाधान मला पहिला बाण मारतानाही मिळालं नाही.

चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी खरखरीत करून पुसून घेतली, नंतर उघड्या बोटांनी शिवले नाही. बोटांचं तेलसुद्धा इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून करायच्या या गोंदाला, नडतं. दोन्ही भाग वजन करूनच मिसळले. साच्यात दाबल्यावर कडेने सलग इपॉक्सी बाहेर आलं, कुठे कोरडी जागा नव्हती. मग बल्ब लावलेल्या पेटीत ऊब देऊन ते पक्कं होऊ दिलं. काचेची धूळ छातीला वाईट, त्यामुळे घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या, एकदाही चुकवलं नाही.

आता तुझ्या डोळ्याचं. पहिल्यांदा मी ते हाताने ओढलंच नाही. भिंतीवरच्या चौकटीत मूठ अडकवली आणि कप्पीवरून दोर घेऊन लांब, बाजूला उभं राहून थोडं थोडं खेचलं. दोन्ही बाहू सारखे वाकतात का, कुठे करकर येते का, ते बघत बघत २८ इंचांपर्यंत नेलं. तिथे काट्यावर ३८ पाउंड भरले. नंतरच हातात घेतलं.

एक नियम मात्र मी कुणालाच मोडू देत नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाण नसला की सगळी शक्ती उलटून धनुष्यातच जाते आणि चांगलं धनुष्यसुद्धा त्याने फुटू शकतं. बाबा, तुम्ही हातात घ्याल तेव्हा तुम्हालाही हाच नियम.

फोटो वेगळे पाठवते. मुठीजवळचा मोठा करून बघा.

तुमची लेक