चंद्र सगळ्यांचा एकच, हिशेब वेगवेगळे

ठाणे,
10 डिसेंबर 2025

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या हॉलचं आणि सामाईक जेवणांचं वर्षाचं वेळापत्रक यंदा तुझ्याकडे आलं, हे छान झालं. सगळ्यांचे सण एका कागदावर कसे मांडायचे, असं तू विचारलंस. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तारखा उतरवायला तासभर पुरतो, पण तेवढ्यावर थांबू नकोस. कुठला सण कुठल्या नियमाने येतो हे एकदा कळलं की पुढच्या तीन वर्षांचा अंदाज आजच बांधता येतो, आणि ऐनवेळी हॉलसाठी दोन घरांत धुसफूस होत नाही.

सुरुवात गणपती आणि ईदपासून करू. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, 28 सप्टेंबरला. 2024 मध्ये ईद 16 ला आणि चतुर्दशी 17 ला. 2025 मध्ये 5 आणि 6 सप्टेंबर. तिन्ही वर्षी मुंबईत मिलादचे जुलूस विसर्जनानंतर काढायचं मुस्लिम मंडळींनी ठरवलं आणि राज्य सरकारनेही सुट्टी पुढे नेली : 29, 18 आणि 8 सप्टेंबरला. सलग तीन वर्षं असं का व्हावं?

अमावास्या ते अमावास्या म्हणजे सरासरी 29.53 दिवस. असे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष मात्र 365 दिवसांचं. म्हणून चंद्रावर चालणारा प्रत्येक सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. हिजरी सन हे सरकणं कधीच भरून काढत नाही. आपलं पंचांग भरून काढतं, पण दरवर्षी थोडं थोडं नाही. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदम एक अधिक मास घालून. म्हणजे दोन अधिक मासांच्या मधली दोन-तीन वर्षं दोन्ही कालगणना हातात हात घालून चालतात. 2023 च्या अधिक श्रावणानंतर भाद्रपद आणि मिलादचा महिना रबिउल अव्वल यांची अशी जोडी जमली होती. त्याआधीची एक जोडी आठव : 2018, 2019 आणि 2020, तेव्हा भाद्रपदात मोहरम होता. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. अशा गावांना हे जोडीचे दिवस चांगले ठाऊक असतात.

आता 2026. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. इथे जोडी बदलते. गणेश चतुर्थी मागे जाण्याऐवजी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला; मिलाद मात्र 26 ऑगस्टच्या आसपास. पुढची तीन वर्षं, 2028 पर्यंत, मिलाद नारळी पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी येत राहील. तेव्हा गणपतीची चिंता सोड आणि राखीपौर्णिमेच्या आठवड्यात हॉल कोणाला द्यायचा ते आताच बोलून घे.

हाच नियम पाडव्याला लाव. 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिल, रमजान ईद 11 एप्रिल. 2025 मध्ये 30 आणि 31 मार्च. 2026 मध्ये पाडवा 19 मार्चला आणि ईद बहुधा 21 ला, चंद्र आदल्या दिवशी दिसला तर 20 ला. ही जोडीही 2026 नंतर सुटते : 2027 मध्ये पाडवा 7 एप्रिलला जाईल आणि ईद 10 मार्चच्या आसपास येईल, म्हणजे होळीच्या पंधरवड्यात.

अधिक मासाचा तुला एक फायदा आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्नं-मुंजी नसतात, त्यामुळे मे-जूनमधला तो महिनाभर हॉल मोकळा. बकरी ईद 27-28 मेच्या सुमारास त्याच महिन्यात आहे. बिनदिक्कत नोंद करून टाक.

यापुढे चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली चूक फोनवर फिरणाऱ्या याद्यांची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. 2026 मध्ये तिकडे 30 जुलैला, आपल्याकडे 13 ऑगस्टला. आपले श्रावणी सोमवार 17, 24, 31 ऑगस्ट आणि 7 सप्टेंबर. उत्तरेकडच्या घरांचे 3 ऑगस्टपासून. तुझ्या इमारतीत दोन्हीकडची कुटुंबं आहेत, तेव्हा दोन्ही लिही आणि कोणाचे कोणते तेही लिही. कोणीच चुकलेलं नसतं, महिना मोजायची रीत वेगळी.

दुसरी चूक तिथीची. तिथी 24 तासांची नसते. 19 ते 26 तासांत कितीही असू शकते आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी बदलते. म्हणून प्रत्येक सणाला ती तिथी कुठल्या वेळी हवी हे ठरलेलं आहे. गणेश चतुर्थीला मध्यान्ही, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, महाशिवरात्रीला मध्यरात्री, संकष्टीला चंद्रोदयी. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास अमावास्या लागली आणि 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सव्वासहापर्यंत राहिली. दोन्ही संध्याकाळी ती होती, म्हणून देशभर वाद झाला; महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 1 नोव्हेंबर धरला. असं वर्ष आलं की एक पंचांग ठरवून त्यालाच चिकटून राहा, दोन पंचांगांची सरमिसळ करू नकोस. संकष्टीचा चंद्रोदयही आपल्याच शहराचा घे. नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो. नागपूरच्या वेळेवर इथे ताटं वाढलीस तर उपवास करणारे ताटासमोर आकाशाकडे बघत बसतील.

मुसलमान सणांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेव. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ईदची किंवा शब-ए-बारातची रात्र छापील तारखेच्या आदल्या संध्याकाळी येते. आणि तारीख चंद्र दिसल्यावर पक्की होते. आखाती देशांत ती बहुतेक वेळा एक दिवस आधी असते, म्हणून तिकडच्या बातमीवरून हॉल सजवायला घेऊ नकोस. बोहरी कुटुंबांना वेगळं विचार. त्यांची मिसरी कालगणना गणिताने बांधलेली आहे, चंद्र दिसायची वाट बघत नाही, त्यामुळे त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी असते.

ख्रिस्ती सणांत नाताळ पक्का, ईस्टर चंद्राचा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ती पौर्णिमा बहुतेक वेळा फाल्गुनाची किंवा चैत्राची असते, म्हणून गुड फ्रायडे होळीनंतर तरी येतो नाहीतर हनुमान जयंतीनंतर. 2024 मध्ये धुळवड 25 मार्चला आणि गुड फ्रायडे 29 ला होता. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि गुड फ्रायडे 3 ला. तो शोकाचा दिवस आहे. सोसायटीच्या फलकावर ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहू देऊ नकोस. ईस्टरच्या शुभेच्छा रविवारी. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा 8 सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारी सुरू होते. 2026 मध्ये तो रविवार 13 तारखेचा, गणपतीच्या आदल्या दिवशी. त्या आठवड्यात वांद्र्याच्या बाजूला गाडी नेणाऱ्यांना आधी कल्पना दे.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, घर एकच असलं तरी त्यांची ओळ वगळू नकोस. त्यांचं पंचांग आपल्यासारखंच, 19 वर्षांत सात जादा महिने घालणारं. म्हणून त्यांचे सण आपल्या सणांच्या आसपासच राहतात, आणि कोकणात त्यांना मराठी नावंही मिळाली : पुरीम म्हणजे होळीचा सण, योम किप्पूर म्हणजे दरफळणीचा, वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. 2026 चा पुरीम आणि आपली धुळवड एकाच दिवशी आहेत, 3 मार्चला. नव्याचा सण 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो.

पारशी नववर्षाचा हिशेब सगळ्यात सरळ. शहेनशाही वर्ष 365 दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून चार वर्षांत एक दिवस मागे. 2024 ते 2027 ते 15 ऑगस्टला, 2028 ला 14 ऑगस्ट. सकाळी झेंडावंदन असतं, तेव्हा त्यांना हॉल संध्याकाळचा दे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दोन दिवस लिही : 14 ऑक्टोबर ही 1956 च्या दीक्षेची तारीख, आणि दसरा ही तिची तिथी. 2026 मध्ये दसरा 20 ऑक्टोबरला. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारी कुटुंबं दसऱ्याच्या सुमारास घरी नसतात. सोनं वाटायचा कार्यक्रम ठरवण्यापूर्वी त्यांना विचार.

आता जेवणं. खरी कसोटी इथेच आहे. 2026 ची होळी रमजानात येते. 2 मार्चला होळी पेटवायची वेळ आणि इफ्तार जवळपास एकच, पावणेसातच्या सुमारास. होळी सव्वासातला पेटवा आणि तोवर स्पीकर बंद ठेवा, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी रोजा असलेल्यांच्या अंगावर पाणी उडणार नाही अशी एक बाजू आखून ठेव. त्याच काळात ख्रिस्ती घरांचा उपवासकाळही चालू असतो, राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे. शुक्रवारी त्यांना मांसाहार नको.

गणेशोत्सवात जैन घरं हमखास विसरली जातात. श्वेतांबरांचं पर्युषण चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीने संपतं आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमी ते चतुर्दशी चालतं, म्हणजे आपले गणपतीचेच दिवस. कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्या दिवसांत सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो, म्हणून महाप्रसादाची पहिली पंगत साडेपाचला बसव. आरतीनंतर आठला जेवण ठेवलंस तर त्यांचं ताट उपाशी गेलं म्हणून समज. बटाट्याऐवजी कच्ची केळी किंवा दुधी घातलं की एकच भाजी सगळ्यांना चालते, दुसरं पातेलं लागत नाही.

शीरखुर्म्याचा अंदाजही देऊन ठेवतो. साठ माणसांना 12 लिटर दूध, 600 ग्रॅम बारीक शेवया, सव्वा किलो साखर. खारीक आणि चारोळी आदल्या रात्री भिजत घालायची. बिघडतो तो एकाच कारणाने : शेवया लवकर पडतात, फुगत राहतात आणि तासाभरात खिरीचा शिरा होतो. शेवया तुपावर परतून बाजूला ठेवायच्या, वाढण्यापूर्वी पंधरा मिनिटं दुधात सोडायच्या, आणि दोन लिटर दूध वेगळं गरम ठेवायचं. पाडव्याचं श्रीखंड आणि ईदचा खुर्मा दोनच दिवसांच्या अंतराने असल्याने दूधवाल्याला किमान आठवडाभर आधी सांग.

कागदावर सूर्याच्या तारखा शाईने लिही : नाताळ, 14 एप्रिल, 21 मार्चचा जमशेदी नवरोज. चंद्रदर्शनाच्या पेन्सिलने, आणि त्यांच्यापुढचा एक दिवस हॉल कोणालाही देऊ नकोस. संक्रांत सूर्याची असली तरी दरवर्षी तपासून घे. 2026 मध्ये 14 जानेवारीला आहे, 2027 मध्ये 15 ला. कच्चा कागद झाला की पाठव, लगेच बघून परत करतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन