काकूंचा गिझर मी बंद करून आलोय

प्रिय संज्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचा राग नंतर काढ. फोनवर तू "हो हो" म्हणशील आणि अर्धं विसरशील, म्हणून हे लिहूनच देतो. आई ठीक, माझी पाठही बरी.

अमळनेरला भरताची वांगी द्यायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, गिझर सारखा बंद पडायचा, वायरमनने "डायरेक्ट" करून दिलाय, आता झकास चालतो. खालचं झाकण उघडलं तर थर्मल कटआउटच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून वर काळी टेप! मी एमसीबी पाडला, प्लग काढून कपाटात ठेवला. काका चिडलेत. त्यांना तूच समजाव.

त्यांना एवढंच सांग: पाणी ठरल्याइतकं तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. त्याचे वीज जोडणारे पॉइंट चिकटले तर पाणी जास्त तापल्यावर कटआउट तोडतो. कटआउटच काढून टाकला तर उरतो एकटा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि तुमच्या बोअरच्या क्षाराने तोही बुजतो. मग बंद टाकीत पाणी उकळतं, दाब वाढत जातो आणि टाकी फुटते. कटआउट पडत होता तेव्हा तो आपलं काम करत होता रे!

आता तो का पडायचा, ते शोधायचं. दुसरा वायरमन बोलव आणि हे सगळं त्याच्याकडून समोर करून घे. पाणी गरम असताना वीज तोडून थर्मोस्टॅटचा नॉब सगळ्यात कमीवर आणायचा आणि त्याच्या दोन टोकांना मीटर लावायचा. तरीही बीप वाजली तर पॉइंट चिकटलेत, थर्मोस्टॅट बदलायचा. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, २००० वॅटचं आहे, वायरी सोडवून त्याच्या दोन टोकांत साधारण २६ ओहम यायला हवेत. टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात मात्र काहीच दिसता कामा नये, काही दिसलं तर एलिमेंटमधून करंट गळतोय, ते बाद. (बारावीच्या प्रॅक्टिकलचा मीटर तूच जाळला होतास, हे मी अजून म्हणतो.) कनेक्शनचं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) काळं पडलंय का तेही बघ. ढिलं टोक तापतं आणि ती उष्णता कटआउटपर्यंत जाते.

माझा सगळ्यात जास्त संशय क्षारावरच आहे. थर्मोस्टॅटच्या नळीवर पांढरा थर बसला की तिला पाण्याचा ताप उशिरा कळतो. टाकी रिकामी करून फ्लँज (एलिमेंट ज्यावर बसवलंय ती चकती) उतरवायचा, एलिमेंट आणि नळी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, लिटरला ५० ग्रॅम. सुरीने खरवडायचं नाही. टाकी गंजू नये म्हणून असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजून बारीक झाला असेल तर तोही नवा. गॅसकेट नवंच, जुनं उलटं करून लावू देऊ नको.

पाणी लवकर तापत नाही म्हणून काकू नॉब वाढवतात. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला २३० व्होल्टला २४ मिनिटं लागतात. थंडीत सगळीकडे मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज १९० वर आलं, की तेच काम ३५ मिनिटांवर जातं. गिझरचा त्यात दोष नाही, नॉब आहे तिथेच राहू दे.

आणि व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी तिथे बूच मारू देऊ नका. तापताना पाणी फुगतं, या टाकीत पाव लिटरभर. ते बाहेर पडायलाच हवं. पण तापणं थांबल्यावरही ठिबकत राहिलं तर व्हॉल्व्हच बदला.

सुरू करताना आधी टाकी भरायची. गरम पाण्याचा नळ सलग धारेने वाहू लागला की मगच बटण दाबायचं.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिमीच्या परीक्षेचं कळव. काकांना मात्र आजच फोन कर, ते प्लग शोधून काढतील.

तुझा,
बाळ्या